वाड्याचं जुनं सागवान आहे, हॉलमध्ये क्राफ्ट्समन स्टाइल लाकूडकाम जमेल का?

जुळे_सोलापूरकर
घराचं काम चालू आहे, स्लॅब झाला, प्लास्टर व्हायचंय. हॉलमध्ये मला ते १९१० च्या आसपासच्या अमेरिकन क्राफ्ट्समन बंगल्यांसारखं करायचंय, म्हणजे भिंतीला खांद्याएवढं लाकडी पॅनेलिंग, त्याच्यावर ताटं मांडायची अरुंद फळी, हॉल आणि डायनिंगच्या मधे दोन बुटकी पुस्तकांची कपाटं आणि त्यावर खांब, वर छताला तुळया. शुक्रवार पेठेतला आजोबांचा वाडा उतरवला त्याचं सागवान शेडमध्ये पडून आहे. इंटेरियरवाले म्हणतात प्लायवर डार्क ओक लॅमिनेट मारा, सेम दिसतं. फोटोत सगळीकडे ओकच दिसतो, मग सागवान वापरलं तर चुकीचं वाटेल का? छत दहा फूट आहे.

बाळीवेस_ते_पासाडेना
दादा, अजिबात चुकीचं नाही. इथे कॅलिफोर्नियात पासाडेनात गॅम्बल हाउस आहे, ग्रीन बंधू या आर्किटेक्ट्सनी डिझाइन केलेलं, १९०८-०९ मध्ये बांधलं, आता म्युझियम आहे. त्याच्या एंट्रन्स हॉलमध्ये सागवानच आहे, तेही बर्माचं. मी जिन्यापाशी बराच वेळ उभा होतो. सांधे लपवलेलेच नाहीत, उलट सगळ्यांना दिसतील असे ठेवलेत, कडा हात फिरवला तर कुठे टोचत नाही आणि स्क्रूच्या डोक्यावर एबनीच्या, म्हणजे काळ्या कठीण लाकडाच्या, छोट्या चौकोनी खुंट्या बसवल्यात.
ओक जास्त दिसतो कारण अमेरिकन फर्निचरवाला गुस्ताव स्टिकली. हा माणूस १९०१ पासून १९१६ पर्यंत ‘द क्राफ्ट्समन’ मासिक काढायचा, त्याच्या फर्निचरमध्ये क्वार्टर सॉन व्हाइट ओक असायचा, म्हणजे ओंडका असा कापायचा की फळीवर चमकदार पट्टे उमटतात. तो गडद रंगही स्टेनचाच असतो असं नाही, बंद जागेत अमोनियाची वाफ द्यायचे, ओकमधल्या टॅनिन नावाच्या द्रव्याशी रिअ‍ॅक्शन होऊन लाकूडच काळपट व्हायचं. तो अमोनिया खूप स्ट्रॉंग असतो, घरी करू नका प्लीज. आणि वेस्ट कोस्टच्या साध्या बंगल्यांत डग्लस फर या पाइनसारख्या झाडाच्या पट्ट्याही भरपूर आहेत. जे लाकूड हाताशी आहे ते खरं दाखवायचं हा त्या स्टाइलचा जीव आहे, मग लॅमिनेट लावून काय मिळवणार?

रंधा_आणि_पटाशी
मी फर्निचरचं काम करतो, इथलाच. वाड्याचं सागवान असेल तर सोनं आहे, नवीन लाकडात ते मिळायचं नाही. फक्त रंध्याला लावायच्या आधी खिळे शोधा, जुन्या तुळईत तुटलेला खिळा आत राहतो आणि मशीनचं पातं जातं. ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.
पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळं सोडायचं, फेविकॉल अजिबात नाही. आपल्याकडे मे मध्ये बेचाळीस-त्रेचाळीस टेंपरेचर आणि लगेच पावसाळी दमट हवा, लाकूड हलणारच, चिकटवलं तर फाटतं. प्लास्टर पूर्ण सुकल्याशिवाय भिंतीला काही लावू नका, मागून वाळवीचं औषध मारून घ्या.
दहा फुटात खोल तुळया नकोत, चार इंच बास. त्या बंगल्यांतल्या पण बऱ्याच तुळया आतून पोकळच असतात, तीन फळ्यांची पेटी, वजन घेत नाहीत. पॉलिशला पीयू (पॉलियुरेथेन) नको, चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने मारा, तिथेही त्या काळी शेलॅक खूप चालायचं आणि शेलॅक म्हणजे आपली लाखच की. फक्त डायनिंगला गरम भांडं थेट ठेवलं की पांढरा डाग पडतो, तेवढं सांभाळा.

वाड्यातली_लेक
माझं कळकळीने सांगणं आहे, कोरीव दासे, म्हणजे खांबाच्या माथ्यावरचं नक्षीचं लाकूड, असतील तर ते कापू नका हो. आमचा वाडा उतरवला तेव्हा नक्षीचे तुकडे भंगारात गेले, आजही जीव तुटतो. क्राफ्ट्समनमध्ये नक्षी अगदी कमी असते, सरळ रेषा आणि लाकडाच्याच नैसर्गिक रेघा, त्यामुळे पॅनेलला साध्या कडीपाटाच्या (वाड्याच्या लाकडी छताच्या) फळ्या वापरा आणि दासे जसेच्या तसे त्या बुटक्या कपाटांवरच्या खांबांना द्या.

जुळे_सोलापूरकर
दासे चार निघाले, दोन्हीकडे दोन-दोन बसतील! लॅमिनेट कॅन्सल, इंटेरियरवाल्यांना आज सांगून टाकलं. ताटाच्या फळीची उंची किती ठेवू?

रंधा_आणि_पटाशी
पाच फूट, पण दरवाजाच्या चौकटीची उंची बघून ठरवा, काही घरांत ती थेट चौकटीच्या वरच्या पट्टीला जुळवलेली असते आणि ते जास्त छान दिसतं. फळीला वरून अर्धा इंच खोल खाच मारायला सांगा, ताट घसरणार नाही.