मदत हवी आहे : पुढे झुकलेल्या पंखांचे बिनशेपटीचे विमान उडेल का?

नमस्कार. मी साताऱ्याचा असून सह्याद्रीवर घडणारी भविष्यकालीन विज्ञानकथा लिहीत आहे. तिच्यातील टेहळणी विमानाचे पंख पुढे झुकलेले आहेत आणि त्याला उभी शेपटी नाही. अशा पंखावर भार वाढला की टोक वरच्या बाजूला पिळते, हवेशी होणारा त्याचा कोन वाढतो, परिणामी भार आणखी वाढून पंख मोडू शकतो; १९८४ साली उडालेल्या एक्स-२९ या अमेरिकी विमानात कार्बन तंतूंचे थर ठरावीक दिशेने बसवून हे पिळणे आवरले होते. तेवढे कथेत बसते. खरी अडचण शेपटीची आहे. उभी शेपटी नसलेले बी-२ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान पंखाच्या टोकाजवळची दुभंगणारी पाती उघडून एका बाजूचा हवेचा रोध वाढवते आणि नाक वळवते. परंतु पुढे झुकलेल्या पंखांमुळे दिशास्थैर्य (नाक आपोआप सरळ दिशेत राहण्याचा गुण) मुळातच घटत असताना, साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या कड्यावरून उसळणाऱ्या पावसाळी वाऱ्यात केवळ अशी पाती पुरी पडतील का, की दोन लहान तिरक्या शेपट्या द्याव्यात? चित्रात त्या मला खटकतात, तरीही विमान उडण्याजोगे असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. वायुगतिशास्त्राच्या जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.