शरीराबाहेर जाण्याचा अनुभव: कंपनांपर्यंत पोचतो, पुढे जमत नाही. मदत हवी आहे

रानवारा
तीन महिने रोज न चुकता करतोय. पायाच्या बोटांपासून सुरुवात, एकेक स्नायू आवळायचा, सोडायचा, असं कपाळापर्यंत. वीसेक मिनिटांत अंग जड होतं, हात कुठे ठेवलेत ते कळेनासं होतं. मग कानात घूंऽऽ आवाज आणि अंगभर कंपनं. नेमकी त्याच क्षणी छाती इतकी धडधडते की डोळे उघडतात आणि सगळं संपतं. अकरा वेळा असंच झालंय. पुढे कसं जायचं ते ज्यांना खरोखर जमलंय त्यांनी कृपया लवकर सांगा. आत्मा आहे की नाही हा वाद इथे नको.

पहाटवेळ
किती वाजता करता? जेवून किती वेळ झालेला असतो? पाठीवर की कुशीवर? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शेवंती६२
दादा, ही योगनिद्रा नव्हे. बिहारमधल्या मुंगेरच्या योगविद्यालयाच्या पद्धतीत स्नायू आवळत नाहीत. नुसतं लक्ष फिरवायचं: उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, असं सगळ्या अंगावरून. आणि आधी संकल्प. मी बावीस वर्षं करते आहे. शरीराबाहेर जायचं हा त्यातला हेतूच नाही. संकल्प चुकीचा म्हणून छाती धडधडते.

रानवारा
ताई, मी योगनिद्रा म्हटलेलंच नाही. ही जेकबसनची स्नायू शिथिल करण्याची पद्धत आहे. पाठीवर झोपतो. झोपायच्या आधी करतो, अजून कधी करणार?

गारगोटी
यात गूढ काही नाही. २००२ साली जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूची तपासणी चालू होती. उजव्या बाजूला कानाच्या थोडं वर-मागे एका ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह दिल्यावर तिला आपण वरून पलंगावरचं आपलंच शरीर बघतोय असं वाटलं. तोल, स्पर्श आणि नजर यांची माहिती मेंदू जिथे जुळवतो त्या भागात गडबड झाली की असं होतं. तुम्हाला जे हवंय तो मेंदूचा भास आहे, एवढं ठरवलंत की भीती जाईल.

नर्मदातीर
भास म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात महाविदेहा वृत्ती सांगितली आहे, मनाची शरीराबाहेरची, अकल्पित म्हणजे नुसत्या कल्पनेतली नव्हे अशी वृत्ती. आद्य शंकराचार्यांची परकायाप्रवेशाची कथा आपल्याकडे पोरंसोरं सांगतात. हे सगळे काय भासातच होते?

गारगोटी
कथा हा पुरावा नव्हे. विजेचा प्रवाह बंद केला की अनुभव बंद, हा पुरावा.

नर्मदातीर
रेडिओची तार तोडली की गाणं बंद होतं. म्हणून गाणारा रेडिओत बसलेला असतो का?

रानवारा
विनंती केली होती. कृपया.

माडाची_सावली
मला जमलंय, दोनदा. पहिल्यांदा सावंतवाडीच्या घरी, दुपारी. कंपनं आली, मी काहीच केलं नाही, आणि पाठ अंथरुणावरून सुटली. आढ्याच्या दिशेला सरकत गेले. अगदी नाकासमोर वाशाला दोरीची गाठ दिसली, काळपट, काथ्याची. खाली माझं अंथरूण. घाबरले आणि धप्पकन परत आले. दुसऱ्या दिवशी शिडी लावून पाहिलं, तिथे गाठ नव्हती. दोरीच नव्हती. म्हणून मी आता कोणत्याच बाजूने भांडत नाही. पण वर गेल्याचं अंगाला इतकं खरं वाटलं होतं की आजही त्या खोलीत गेले की मान वर जाते.

नर्मदातीर
सूक्ष्म देहाला सूक्ष्म जगातली वस्तू दिसते, ती लाकडी वाशावर कशी सापडेल?

कोथिंबीर_वडी
पाठीवर झोपू नका हो. आमच्या ह्यांचं घोरणं पाठीवर झोपल्यानेच होतं. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर सांगितलं, पाठीमागे लोड लावला, महिन्यात फरक पडला.

पहाटवेळ
रानवारा, "झोपायच्या आधी" म्हणजे घड्याळात किती? चहा-कॉफी किती? कुठल्या गोळ्या चालू आहेत? हेडफोन लावता का?

रानवारा
चारला. पहाटे चारला. कामाची वेळ संध्याकाळी सहा ते रात्री तीन आहे, अमेरिकेतले ग्राहक. बारानंतर दोन कॉफी होतात. गोळ्या नाहीत. दोन सूर मिसळलेला आवाज लावतो, पण एकाच कानात, बाळ रडलं तर ऐकू यायला हवं म्हणून.

पहाटवेळ
हे आधी का नाही सांगितलंत? त्या आवाजात एका कानाला समजा २०० हर्ट्झचा सूर जातो, दुसऱ्याला २०४ चा. चारचा फरक जुळतो तो डोक्याच्या आत. एका कानाने ऐकून काही होणार नाही, तो बंदच करा. कॉफी दहाच्या आत संपवा, कारण धडधडीला निम्मं कारण तीच असेल.

आणि वेळ बदला. स्वप्नांची झोप उत्तररात्री लांबत जाते. तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू बांधून ठेवतो आणि मन जागं होऊ शकतं. तुमची उत्तररात्र सकाळी नऊला. पाच तास झोपा, गजर लावून उठा, वीस मिनिटं बसा, मोबाइल बघू नका, मग परत आडवे व्हा. या वेळी स्नायू आवळायची गरजच पडणार नाही.

धडधडीचं म्हणाल तर ती थांबवायला जाऊ नका. व्हर्जिनियातला रॉबर्ट मन्रो, या विषयात ज्याचं नाव सगळे घेतात, त्याला १९५८ साली ही कंपनं सुरू झाली तेव्हा आजार समजून तो आधी डॉक्टरकडे गेला होता. धडधडू दे. लक्ष बोटांच्या टोकाला न्या.

तिसरा_प्रहर
मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. घरात कुणाला फिट येत असेल, किंवा दिवसा जागेपणी आपण आपल्यापासून लांब उभे आहोत असं वाटत असेल, तर हा सराव थांबवून तपासून घ्या. छातीवर कुणी बसलंय, खोलीत कुणी आहे असंही वाटू शकतं. झोपेतला पक्षाघात आहे तो, काही सेकंदांत किंवा मिनिट-दोन मिनिटांत सुटतो. आणि मुळात रानवारा, पाच तासांची झोप मोडून हे करताय, तर आठवड्यातून दोनदाच करा. लहान बाळ आहे घरात.

शेवंती६२
इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन या. फोन नाही, बोलणं नाही.

रानवारा
ताई, बाळ सात महिन्यांचं आहे, दहा दिवस कुठून काढू? डॉक्टर, फिट कुणाला नाही, दिवसा तसं काही होत नाही. शनिवारी सांगितल्याप्रमाणे करून बघतो.

रानवारा
शनिवारी नुसती झोप लागली. आज परत केलं. कंपनं आली, छाती धडधडली, धडधडू दिली. लक्ष बोटांवर ठेवलं. उजवा हात कोपरापर्यंत वर उचलला गेला आणि भिंतीला लागला. गार भिंत, रंगाचे पोपडेसुद्धा हाताला कळले. पण हात गोधडीच्या आतच होता, मला नक्की माहीत होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. एका हातावरून अख्खं अंग कसं सोडवायचं?

पहाटवेळ
भिंत कुठली, डोक्यामागची की उजवीकडची? आणि डोळे उघडायचा प्रयत्न केलात का?