मदत हवी आहे: रेडिएटरचा पंखा फिरत नाही, कपलरला मात्र 12 व्होल्ट येतात

मिरामारकर
पेट्रोल हॅचबॅक, 2013 चं मॉडेल, 86 हजार किमी. रेडिएटरला एकच पंखा, दोन पिनांचा कपलर (वायरीचा प्लग). जुवारी पुलावरून मडगावला जाताना तापमानाचा काटा मधोमध असतो. पर्वरीच्या कोंडीत दहा मिनिटं अडकलं की पाऊण भागापर्यंत चढतो आणि एसीतून साधी हवा यायला लागते. गाडी हलली की दोन्ही ठीक. बॉनेट उघडून पाहिलं, पंखा ढिम्म. एसी लावला तरी नाही.

कूलंट टाकीत लो आणि फुलच्या मधे आहे. पंख्याचा 30 अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. गॅरेजवाला म्हणतो, कपलरला 12 व्होल्ट येतायत म्हणजे मोटरच गेली, अख्खा सेट बदला. पैसे घालण्याआधी घरी काय तपासू? मल्टिमीटर आहे, वापरता जेमतेम येतो.

जुनी_डिकी
लक्षण पंख्याचंच आहे. वेगात समोरची हवाच रेडिएटर थंड करते, पंखा लागतो तो उभ्या गाडीला. हेच उलट असतं, म्हणजे अनमोडचा घाट चढताना काटा वर आणि गावात ठीक, तर मी आधी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आणि चोंदलेला रेडिएटर बघितला असता.

तरी एक करा. इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट काठोकाठ आहे का पाहा. टाकीतली पातळी फसवते. झाकणाचं रबर गेलं असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं. मग सेन्सरभोवती पाण्याऐवजी वाफ राहते आणि इंजिन तापूनही पंख्याला हुकूम सुटत नाही. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं.

तुमच्याकडे सेन्सरवर मी वेळ घालवणार नाही. एसी लावला की सेन्सर काहीही सांगो, पंखा लागलाच पाहिजे. ज्यांचा पंखा एसीवर लागतो पण तापल्यावर लागत नाही, त्यांनी गार इंजिनवर कूलंट सेन्सरचा कपलर काढून इंजिन चालू करून बघावं. बहुतेक गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सावधगिरी म्हणून पंखा लगेच चालू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका.

फोंडा_मीटर
बाब, मोटर बदलू नका अजून. कपलर काढून मीटरवर 12 व्होल्ट दिसले, याला काडीचा अर्थ नाही. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. दहा केसांएवढी तांब्याची तार शिल्लक असली तरी तो 12 दाखवतो. पंख्याला आठ-दहा अँपिअर लागतात, सुरू होताना त्याहून जास्त. तेवढा भार आला की तीच वायर कोलमडते. म्हणून भार लावून मोजायचं.

इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा.

एक, मोटर. कपलर काढा. 2.5 चौरस मिमीच्या दोन वायरी, प्लसच्या वायरीत 20 अँपिअरचा फ्यूज, आणि बॅटरीवरून थेट पंख्याला. प्लस-मायनस उलटे झाले तर पंखा उलटा फिरून हवा पुढे फेकेल. नीट फिरला, आवाज न करता, तर मोटर चांगली. काडीने ढकलल्यावरच फिरला तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. जाम असेल तर फ्यूज उडेल.

दोन, रिले, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. कोणी तरी एसी लावू दे, तुम्ही बॉनेटमधल्या बॉक्सवर बोट ठेवा. खट्ट जाणवलं तर कॉइलपर्यंत हुकूम पोचतोय. तरी आतले पॉइंट जळलेले असू शकतात, म्हणून तोच नंबर छापलेला हॉर्नचा रिले तिथे बसवून बघा.

तीन, मुद्द्याची. इंजिन चालू, एसी चालू, मोटरऐवजी बल्ब गाडीकडच्या कपलरला. लख्ख पेटायला हवा. तो जोडलेला असतानाच तीन मापं घ्या: बल्बच्या दोन टोकांत, बॅटरी प्लस ते कपलरची प्लस पिन, कपलरची अर्थ (मायनस बाजूची) पिन ते बॅटरी मायनस. शेवटची दोन 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवीत. पाच मिनिटांत आटपा, बाही आणि मीटरच्या वायरी बेल्टपासून लांब ठेवा.

वेळसाव_वाट
एवढा खटाटोप कशाला? डॅशबोर्डवर एक बटण देऊन पंखा डायरेक्ट करून घ्या. अर्ध्या टॅक्स्या तशाच फिरतात.

फोंडा_मीटर
फिरतात, आणि त्यातल्या काहींचं बटण वितळलेलंही दिसतं. रिले न घालता पंख्याचा सगळा करंट हातभर बारीक वायरीतून आणि लाइटच्या बटणातून नेला की दुसरं काय होणार? रिले घातला तरी बटण दाबायचं विसरलात तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं. सतत चालू ठेवलात तर मोटर आणि बॅटरीवर फुकटचा भार. फ्यूज उडतो म्हणून 30 च्या जागी 40 घालणं हेही त्याच जातीचं काम.

मिरामारकर
केलं. झाकण थंडीत उघडलं, कूलंट काठोकाठ. थेट बॅटरीवर पंखा झक्क फिरला, काडी लावावी लागली नाही. रिले खट्ट वाजतो, हॉर्नचा लावूनही फरक नाही.

बल्ब मात्र लालसर, अगदी मंद. बॅटरीवर 13.8, बल्बच्या टोकांत 5.5, प्लस बाजूला 0.2, अर्थ बाजूला 8.1.

फोंडा_मीटर
सापडलं. 5.5 अधिक 0.2 अधिक 8.1, बेरीज बरोबर 13.8. बल्बच्या वाट्याचे आठ व्होल्ट अर्थमध्येच जिरतायत. गॅरेजवाल्याने खोटं सांगितलं नाही, 12 येतच होते, परतीची वाट बंद होती. फ्यूज का शाबूत, तेही यातच आलं. एवढ्या अडथळ्यातून मोटरला जेमतेम दीड-दोन अँपिअर मिळतात. त्यात पंखा हलत नाही आणि फ्यूजही उडत नाही.

कपलरची काळी वायर हाताने धरत मागे जा. बहुधा हेडलाइटच्या मागे किंवा बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला बोल्टने बसवलेली असेल. समुद्राजवळ उघड्यावर उभ्या गाड्यांत हीच जागा आधी जाते. खारी हवा, पावसाचं पाणी, आणि वर बॅटरीचं आम्ल.

आधी बॅटरीची मायनस काढा. बोल्ट काढून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), वॉशर आणि बॉडीचा पत्रा, तिन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. लगच्या मानेपाशी वायर दाबून बघा. इन्शुलेशनखाली हिरवी पूड लागली तर घासून भागणार नाही. तेवढा तुकडा कापून नवा लग क्रिम्प करा. जोड घट्ट बसल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग बोल्ट, असं करू नका.

मिरामारकर
बॅटरीच्या ट्रेखालीच होती. बोल्ट 10 च्या पान्याने सुटला, पण लग हातातच आला. इन्शुलेशन वरून धडधाकट आणि आतली तार चार बोटं हिरवी पडून भुगा झालेली. स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापलं, वायर आखूड पडली म्हणून 4 चौरस मिमीचा तुकडा जोडून नवा लग लावला.

आता पंखा जोडलेला आणि फिरत असताना अर्थ बाजूला 0.1. एसी लावताच पंखा सुरू होतो. एसी बंद करून इंजिन उभ्यानेच तापू दिलं तर काटा मध्याच्या किंचित वर गेला, पंखा लागला, दोनेक मिनिटांनी आपोआप बंद झाला, असं तीनदा. देव बरें करूं!

एक शंका. त्याच बोल्टवर अजून एक बारीक काळी वायर होती, तीही हिरवट वाटते.

फोंडा_मीटर
तीही स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापा आणि नवा लग लावा. बऱ्याचदा त्या बाजूच्या हेडलाइटची अर्थ तिथेच असते. तो दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळट दिसतो का, रात्री भिंतीसमोर गाडी लावून पाहा.

मिरामारकर
दिसतो! मी बल्ब बदलणार होतो.