मदत हवी आहे: कूलरच्या पॅनेलमध्ये डूम, झोनसाठी रॅम मिळत नाही

लोहापूल_३२

डेझर्ट कूलरचं डिजिटल पॅनेल आहे, त्यात डूम हा जुना गेम चालवायचाय. मूळ बोर्डवर आठ-बिटी मायक्रोकंट्रोलर, दोन आकडी सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले, पाच बटणं, रिमोटचा रिसीव्हर. डिस्प्लेच्या खिडकीत २.४ इंची टीएफटी स्क्रीन (आयएलआय९३४१ चिप, ३२०×२४०, एसपीआय जोडणी) बसतो. बोर्ड ईएसपी३२ वरूम (मायक्रोकंट्रोलर मॉड्यूल), फ्लॅश ४ एमबी. इंजिन डूमजेनेरिक (कुठल्याही बोर्डवर नेता येईल असा डूमचा कोड), वॅड (गेमच्या डेटाची फाइल) शेअरवेअर १.९ ची, म्हणजे मोफत आवृत्तीची.

आधी बिल्डच डीरॅम (डेटाची रॅम) ओव्हरफ्लोवर अडकत होता. मोठे अ‍ॅरे हीपमध्ये हलवल्यावर बिल्ड होतो, पण सुरू होताच "झोनसाठी ६ एमबी रॅम मिळाली नाही" अशा अर्थाचा एरर येऊन थांबतो (झोन म्हणजे डूम सुरुवातीलाच एकगठ्ठा घेतो ती मेमरी). वरूमवर जमेल का? आणि पॅनेलच्याच ५ व्होल्टवर बोर्ड चालवता येईल का?

बिटवऱ्हाडी

वरूमचा नाद सोडा, भाऊ. एकूण एसरॅम ५२० केबी, त्यातली स्टॅटिक डेटाला १६० केबी. डूम १९९३ चा, तोही ४ एमबी रॅमच्या ३८६ साठी लिहिलेला. नुसते व्हिसप्लेन (जमीन-छत रंगवायच्या नोंदी) १२८ × ६६४ बाइट, म्हणजे ८५ हजार बाइट खातात. ओपनिंग्जचे (भिंतींमधल्या उघड्या भागांच्या नोंदी) आणखी ४१ हजार. आरपी२०४० च्या २६४ केबीत डूम बसवलेला आहे हे खरं, पण तिथे इंजिन पार उसवून नव्याने शिवलंय आणि वॅडही वेगळ्या पद्धतीने दाबून भरली आहे. डूमजेनेरिक नुसतं कम्पाइल करून ते व्हायचं नाही.

फ्लॅशची तर गंमतच. वॅड ४१,९६,०२० बाइटची आणि ४ एमबी म्हणजे ४१,९४,३०४. सगळी फ्लॅश वॅडला दिली तरी १,७१६ बाइट बाहेर राहतात, प्रोग्रॅम तर अजून बाकीच.

ईएसपी३२-एस३ चा एन१६आर८ मॉड्यूल घ्या: १६ एमबी फ्लॅश, ८ एमबी पीएसरॅम (जादाची रॅम). नागपूरच्या बर्डीत मागताना "एस३" एवढंच सांगू नका. मॉड्यूलच्या पत्र्यावर एन१६आर८ छापलेलं बघूनच घ्या, एन८ मध्ये पीएसरॅम नसते.

मेनूकॉन्फिगमध्ये (बिल्डच्या सेटिंगचा मेनू) पीएसरॅमचा मोड ऑक्टल (आठ तारांचा) करा. क्वाड (चार तारांचा) राहिला तर बूट होताना पीएसरॅम आयडी वाचता आला नाही असा एरर येतो आणि लोक मॉड्यूल खराब समजून दुकानात परत करायला जातात.

पार्टिशन टेबलात प्रोग्रॅमला २ एमबी, हेक्स १०००० पासून. त्यापुढे हेक्स २१०००० वर ५ एमबीचं डेटा पार्टिशन, त्यात ईएसपीटूलने (फ्लॅश लिहायचा प्रोग्रॅम) वॅड जशीच्या तशी लिहा. नंतर ते पार्टिशन एममॅप करून (मेमरीच्या पत्त्यांवर आणून) आलेला पॉइंटर वॅड-फाइल स्ट्रक्चरच्या "मॅप्ड" फील्डमध्ये भरा. तो भरलेला असला की इंजिन लंप (वॅडमधले डेटाचे तुकडे) झोनमध्ये कॉपी न करता थेट फ्लॅशमधून वाचतं. झोन मग ३ एमबीवर आणला तरी शेअरवेअरला पुरतो. फ्रीडूमची वॅड मात्र २० एमबीच्या वर आहे, ती इथे बसत नाही.

स्क्रीनसाठी: डूमजेनेरिक मुळात ६४०×४०० आणि ३२ बिट धरतं, म्हणजे नुसत्या बफरला १०,२४,००० बाइट. रिझोल्यूशन ३२०×२०० करा आणि सीमॅप२५६ (पिक्सेलला एकच बाइट) चालू करा, बफर ६४,००० बाइटवर येतो. तो आणि ८,७०४ बाइटचा कलरमॅप (उजेड-अंधाराचा रंगतक्ता) आतल्या रॅममध्ये ठेवा, पीएसरॅम बरीच हळू आहे. पॅलेट बदलेल तेव्हाच २५६ रंगांचा १६-बिटी तक्ता बनवायचा. बाइटची अदलाबदल त्या तक्त्यातच उरका, नाहीतर रंग पार भलतेच दिसतील. डीएमएला (प्रोसेसरला न गुंतवता डेटा पाठवणारी यंत्रणा) २०-२० ओळींचे दोन बफर पुरतात, १२,८०० बाइटचा एक.

४० मेगाहर्ट्झवर २०० ओळींची फ्रेम पाठवायला २५.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ३९ फ्रेम. गेमचा ठेका सेकंदाला ३५ टिकचा, तेव्हा पुरे. जुन्या मॉनिटरवर हेच चित्र ४:३ मध्ये ताणलं जायचं. तसं हवं असेल तर दर पाचवी ओळ दोनदा पाठवा, २४० भरतात. पण मग ३२ फ्रेमवर याल. माझं मत: वरखाली २० ओळींची काळी पट्टी बरी.

खसताटी

पॅनेलच्या ५ व्होल्टला हात लावू नका. स्वस्त पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर २३० व्होल्ट उतरवतो. त्या बोर्डचा ग्राउंड मेन्सलाच जोडलेला असतो. त्यात यूएसबी लावली तर लॅपटॉप जाईल, हात लागला तर माणूस. आयसोलेटेड ५ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर वापरा. बटणांकडे जाणारे मूळ ट्रॅक कापून प्रत्येक बटणाला स्वतःची पिन आणि नव्या सप्लायचा ग्राउंड द्या.

कूलर चालू ठेवूनच खेळायचं असेल तर पंप किंवा मोटर बंद होताना बोर्ड रीसेट होऊ शकतो. पंपाच्या टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड (एक्स२, २७५ व्होल्ट) सिरीजमध्ये लावा. एन१६आर८ मॉड्यूलची मर्यादा भोवतालच्या ६५ अंशांची आहे, साध्या मॉड्यूलसारखी ८५ ची नाही. मे महिन्यात उन्हातल्या खिडकीत बंद डबा म्हणजे तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. मागे भोकं पाडा, पण खसाच्या ताटीचं पाणी उडतं त्या बाजूला नको.

आणि डूम "कूलरवर" चालतोय म्हणू नका बरं. २०२० मध्ये गर्भचाचणीच्या कांडीवर डूम म्हणून जे गाजलं, त्यातही स्क्रीन आणि प्रोसेसर दोन्ही बदललेले होते. उरलं होतं कव्हर.

लोहापूल_३२

कव्हर तर कव्हर. एस३ वर मेनू दिसला. दोन अडचणी: स्क्रीनच्या डेटाची एमओएसआय तार पिन ३५ वर नेली की बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. आणि रिमोटने खेळताना माणूस थांबतच नाही.

बिटवऱ्हाडी

३५, ३६, ३७ या पिना ऑक्टल पीएसरॅमच्या आहेत, मोकळ्या सोडा. एमओएसआय ११, क्लॉक १२, सीएस (स्क्रीन निवडायची तार) १०. तारा १० सेंटीमीटरच्या आत, नाहीतर ४० मेगाहर्ट्झवर चित्रात ठिपके उठतात.

रिमोटचं दुखणं वेगळं. एनईसी प्रोटोकॉलमध्ये बटण सोडल्याचा संदेशच नसतो, दाबलेलं असताना साधारण दर ११० मिलिसेकंदांनी रिपीट येतो. डूमला मात्र दाबणं आणि सोडणं दोन्ही कळवावं लागतं. १५० मिलिसेकंदांत रिपीट आला नाही तर सोडल्याचा इव्हेंट स्वतः पाठवा. तरी हा उशीर गोळीबारात जाणवणारच, म्हणून रिमोट मेनूपुरता ठेवा. पाच बटणं पुढे, डावीकडे, उजवीकडे, गोळी आणि दार उघडायला द्या. मागे सरकायचं राहून जातं, त्यासाठी डावं-उजवं एकत्र दाबलेलं धरा.