आईची भिशीची वही आणि तपासणीचा प्रश्न

सातारची_लेक:
आई ६९ वर्षांची. गल्लीतली भिशी वीस वर्षं तिच्याकडे आहे. बारा बायका, महिना हजार. चिठ्ठ्या, वही, वसुली सगळं तीच बघते. दिवाळीनंतर तिने एकाच बाईला दुसऱ्यांदा भिशी दिली. ती बाई भली, बारा हजार परत घेऊन आली, तर आई तिच्यावरच चिडली. मग मी वही चाळली. ऑगस्टपासून खाडाखोड, एका पानावर तेच नाव तीनदा लिहून खोडलेलं. म्हणजे तिला कळत होतं हो! मला झोप लागत नाही ती त्यामुळे.

बाबा म्हणतात वय झालं. पण ती अडखळली की वाक्य हेच पुरं करतात, बाजारालाही आता हेच जातात. भाऊ पुण्याला. तो म्हणतो, स्मृतिभ्रंशाला औषध नाही तर तपासून नाव कशाला लावून घ्यायचं, पावण्यांत "वेड लागलं" म्हणतील. (त्याच्या मुलीची स्थळं बघणं चालू आहे. ते तो बोलत नाही, मला कळतं.) आईला तपासणीचं विचारलं तर म्हणाली, "परीक्षेला बसवताय का मला?" काय करू?

कृष्णाकाठची_काकू:
आधी साध्या गोष्टी बघून घे. बी-१२, थायरॉइड, साखर, ऐकू नीट येतं का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. मन खचलं असलं तरी माणूस असंच विसरतं. यातलं काही सापडलं तर इलाज आहे, आणि न तपासता ते कळणार कसं?

आम्ही दोन वर्षं "वय झालं" म्हणत काढली. तेवढ्यात ह्यांनी पुतण्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. मृत्युपत्र करायला गेलो तर वकील डॉक्टरांचा दाखला मागायला लागले. ह्यांना काय हवं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

तिरका_विचार:
दुसरी बाजू सांगतो. सासऱ्यांचं निदान झालं त्याच आठवड्यात घरच्यांनी स्कूटरची किल्ली, गॅस, एटीएम कार्ड सगळं काढून घेतलं. आजार तोच होता, हात रिकामे झाले. तपासणी करा, पण नंतर घरात कोण कसं वागणार ते आधी ठरवा. भावाला सांगा, २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या (स्मृतिभ्रंशाचा नेहमी दिसणारा प्रकार) औषधाला मान्यता मिळाली. त्याने आजार बरा होत नाही, थोडा मंदावतो. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायचा धोका आहे, म्हणून एमआरआय करत राहावं लागतं. पण ते सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. उशीर झाला की तो प्रश्नच मिटला.

निवृत्त_कॅशियर:
तुम्ही सगळे घरचे लोक बोलताय. मी पेशंट बोलतोय, वय ७१. स्मरणशक्तीच्या चाचणीत डॉक्टर म्हणाले घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. सदतीस वर्षं काउंटरवरून घड्याळाकडे बघत काढली, पण काटे कुठं लावायचे सुचेना. घाम फुटला. तीसपैकी बावीस मिळाले.

तरी सांगतो, त्याआधीचं वर्ष जास्त वाईट होतं. बायको माझ्या चुका लपवायची, मी तिच्यापासून लपवायचो. आता डब्यांवर चिठ्ठ्या लावतो, उघड. नॉमिनेशन बघून घेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पुढच्या उपचारांबद्दल आगाऊ लिहून ठेवायची सोय आहे, तेही लिहितोय, माझ्या अक्षरात.

ताई, आईने "नको" म्हटलेलं नाही. नापास व्हायची भीती बोलली ती. आत जाताना तिच्याबरोबर तुम्ही बसा, आणि निकाल डॉक्टरांना पहिल्यांदा तिलाच सांगू द्या. भावाला नंतर.

सातारची_लेक:
काका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. घड्याळाचं ऐकून हसली, मग बराच वेळ गप्प बसली. सोमवारी रक्त द्यायला जातोय, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच. बाबांना फक्त "बी-१२" सांगितलंय. भिशीची वही तिच्याकडेच ठेवली आहे. पैसे परत आणून देणारी तीच बाई आता दर पाच तारखेला तिच्याशेजारी बसून आकडे मोठ्याने वाचते.