स्टीलची जोडी आणि ९४ पौंडांची विंग: घेऊ का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी तारकर्लीत डाइव्ह गाइड आहे. रोजचं काम सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर, सात-आठ मीटरांत, पर्यटकांना घेऊन. यंदा टेक्निकलचा, म्हणजे खोल जाऊन वर येताना थांबे घ्यावे लागतात त्या डाइव्हिंगचा, पहिला कोर्स करायचं ठरवलंय, पुढेमागे आंग्रिया बँक (समुद्रात दूरवर पाण्याखाली असलेलं पठार) बघायची आहे. एक जुना सेट मिळतोय: १२ लिटरच्या स्टील सिलिंडरांची जोडी, स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडरं जिला बांधतात ती पाठीवरची पाटी) आणि विंग, म्हणजे हवा भरून तरंगवणारी पाठीवरची पिशवी: एका ब्लॅडरची (आतल्या फुग्याची), ९४ पौंड उचलणारी, बाहेरून रबरी दोऱ्या ओढलेली. विकणारा म्हणतो, लिफ्ट जेवढी जास्त तेवढं सेफ. सूट माझा ३ मिलिमीटरचा. ड्रायसूट (आत पाणी न येणारा, हवा भरता येणारा) नाही, आणि आपल्या पाण्यात घेणारही नाही. घ्यावा का?

देवबागकर
घेऊ नका. फुकट दिला तरी नको.

विंगवर छापलेला आकडा सांगतो की ती भरल्यावर किती ओझं उचलेल. ती फाटली तर तुम्ही वर कसे याल, हे तो सांगत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच माहीत हवं. स्टीलची सिलिंडरं रिकामी झाली तरी बुडतात. त्यात स्टीलची प्लेट. ३ मिलिमीटरचा सूट खाली गेल्यावर दबतो, त्याची उरलीसुरली तरंगही जाते. म्हणजे कमरेला शिसं न बांधताच तुम्ही जड, आणि अडचणीत सोडून द्यायला काहीच नाही. थंड पाण्यातले लोक हीच जोडी वापरतात, कारण ड्रायसूटमध्ये हवा भरून ते वर येऊ शकतात. तुमच्याकडे तो दुसरा आधार नाही.

किल्ल्याजवळ चूक झाली तर आठ मीटरांवर वाळू आहे, बसाल खाली. आंग्रिया बँकेचा माथाच साधारण २० मीटरवर आणि कडेला समुद्र एकदम खूप खोल जातो. तिथे टेकायला काही नाही.

लिफ्टचा हिशेब स्वतः करा, अवघड नाही: सिलिंडरांतल्या हवेचं वजन आणि सूटची गेलेली तरंग, एवढं विंगने उचलायचं. अॅल्युमिनियमचं नेहमीचं सिलिंडर ११ लिटरचं. २०० बारला त्यात २,२०० लिटर हवा. लिटरमागे सव्वा ग्रॅम धरा, पावणेतीन किलो झाले. जोडीचे साडेपाच, एक स्टेज (बाजूला लटकवलेलं जादा सिलिंडर) घेतली तर सव्वाआठ. सूट दबल्याचे अंगानुसार दोनेक किलो. सव्वादहाच्या आसपास येतं. वर आल्यावर डोकं आणि व्हॉल्व्ह पाण्याबाहेर राहायला आणखी थोडी लिफ्ट हवी. ४० पौंडांची, म्हणजे १८ किलोची विंग यात बसते. ९४ पौंड म्हणजे ४२ किलोंहून जास्त! एवढी पिशवी अर्धवट भरलेली असताना हवा या कुशीतून त्या कुशीत पळते, नको तिथे अडकते. इन्फ्लेटर (विंगेत हवा सोडणारं बटण) उघडा अडकला तर तीच तुम्हाला डेको (वर येतानाचे सक्तीचे थांबे) सोडून वर फेकते. रबरी दोऱ्यांच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. तोंडाने फुंकताना त्यांच्याविरुद्ध फुंकावं लागतं, आणि भोक पडलं की त्या हवा पिळून बाहेर काढतात.

तुमच्यासाठी: अॅल्युमिनियमची जोडी (पाण्यात स्टीलपेक्षा हलकी), प्लेट तुमच्या वजनाच्या हिशेबाने, अखंड पट्ट्याचा हार्नेस, मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि ४०-४५ पौंडांची विंग. मग प्रशिक्षक सोबत घेऊन, खाली वाळू असलेल्या उथळ जागी दोन गोष्टी तपासा. सिलिंडरं पूर्ण भरलेली, विंग रिकामी, आणि खोलीवर सूट दबतो त्याच्या बदल्यात दीड-दोन किलो शिसं जास्त, अशा अवस्थेत फिन मारत वर येता येतं का? आणि ५० बार उरले असताना, विंग रिकामी ठेवून चार-पाच मीटरांवर स्थिर राहता येतं का? या दोन्हींची उत्तरं 'हो' येईपर्यंत खोल जायचा विषय काढू नका.

निवतीचो
माका एकच सांगूचा हा. तांडेलाक आधी सांगून ठेव, केशरी बोयो वर इलो म्हणजे काय नि पिवळो इलो म्हणजे काय. थंय करंट असता. बोट तुका सोडून लांब गेली तर विंग कितीय चांगली असली तरी काय उपेग? आणि बोये दोन घी, रीलय दोन.

देवबागकर
निवतीचो, अगदी बरोबर. मोठा बोया आणि रील (त्याच्या दोरीचं रीळ) हाही तरंगायचा दुसरा आधार आहे. विंग गेली तर त्याला धरून थांबे पूर्ण करता येतात, पण सराव हवा.

खाडीकाठ
दादा, हिशेब करून बघितला, तुमच्याच आकड्यांपाशी येतो. मग डबल ब्लॅडर घेतली तर?

देवबागकर
स्टील घ्यावंच लागलं तर डबल ब्लॅडरशिवाय पाण्यात उतरू नका. अॅल्युमिनियमवर, वरची परीक्षा पास झाली असेल तर, मला ती गरजेची वाटत नाही. माझ्या ओळखीतले काही चांगले डाइव्हर उलट म्हणतात, त्यांचाही मान ठेवतो. घेतलीत तर मुख्य इन्फ्लेटरची नळी उजव्या फर्स्ट स्टेजवरून (सिलिंडरावर बसणारा रेग्युलेटरचा भाग), दुसऱ्या ब्लॅडरची डाव्यावरून. दुसऱ्या ब्लॅडरमध्ये हळूहळू हवा गळत राहिली तर कळत नाही: तुम्ही पहिला रिकामा करत राहता आणि तरी वर जात राहता. म्हणून कित्येक जण ती नळी जोडतच नाहीत, गरज पडली तरच जोडतात. हे हाताला अंधारातही यायला हवं.

जुनी विंग घेताना दुरुस्तीवाल्याच्या नजरेने बघा. टम्म भरा, रात्रभर ठेवा, सकाळी तेवढीच टम्म हवी. नाहीतर टबात बुडवून बुडबुडे शोधा. पन्हाळीदार नळी ताणून कोपराजवळच्या चिरा बघा. डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) उघडून स्प्रिंगवरचा गंज बघा. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडलं की पटकन वर यायला हवं. मीठ साचलं की तिथेच अडकतं. आपल्याकडे पावसाळ्यात सामान महिनोन्महिने पडून असतं, तेव्हा आतून गोड्या पाण्याने धुतलं नसेल तर ब्लॅडरमध्ये मिठाचे खडे सापडतात. सीई खूण आणि ईएन १८०९ (अशा पिशव्यांचं युरोपीय मानक) लिहिलंय का तेही पाहा. मात्र ते लाइफ जॅकेटचं मानक नाही. बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्यावर राहील अशी हमी कुठलीच विंग देत नाही, विशेषतः पाठीवरची.

खाडीकाठ
विकणाऱ्याला 'नको' म्हणून कळवलं. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात कुणाकडे अॅल्युमिनियमची जोडी आहे का, बँड आणि मॅनिफोल्डसकट (दोन्ही सिलिंडरं जोडणारी नळी), हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाची चाचणी) मुदत चालू असलेली? असेल तर इथेच सांगा, बघायला येतो.