मदत हवी आहे: गॅदरिंगमधला 'आदिवासी डान्स' कसा थांबवू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहते. मुलगी चौथीत आहे. गॅदरिंगला त्यांच्या वर्गाचा 'आदिवासी डान्स' बसवलाय: पानांचे घागरे, हातात भाले, 'झिंगालाला हू' आणि तोंडाला काळा रंग. परवा रंगीत तालमीला सगळ्या पोरी रांगेत उभ्या होत्या. लेकीच्या मैत्रिणीपाशी आल्यावर मेकअपवाल्या बाई म्हणाल्या, "हिला नको, ही आहेच तशी." सगळे हसले. ती पोर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

असले आदिवासी कुठल्याच पाड्यावर भेटत नाहीत. ते आले हिंदी सिनेमातून. हॉलीवूडमध्येही तेच! 1927 च्या 'द जॅझ सिंगर'मध्ये गोरा नट तोंड काळं करून गातो. 1940 मध्ये हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली, तेही मोलकरणीच्या भूमिकेसाठी, आणि त्या रात्री तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या, 'प्रभात' फिल्म कंपनी जिथं सुरू झाली त्या गावात तरी सिनेमा डोळसपणे बघायला शिकवायला हवं ना?

वर्गाच्या बाईंना दुखवायचं नाहीये, त्या मनापासून राबतात. पण त्यांच्याशी कसं बोलू? एकटीनं जाऊ की चार पालकांना घेऊन? पालघरकडच्या वारली लोकांचं तारपा नृत्य मुलांना नीट शिकवेल असं कुणी माहितीत आहे का? नाहीतर आपल्याकडचं धनगरी गजनृत्य? दोनच आठवडे उरलेत. कृपया लवकर सांगा.